वस्तू, शिल्प आणि शरीर : कलादालनात घडणाऱ्या समकालीन नृत्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलादालनातले नृत्य म्हणजे नेमके काय असते?

नाट्यगृहात प्रेक्षक अंधारात एका खुर्चीवर बसलेला असतो आणि नर्तक समोरच्या उजेडात, तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंतच्या वेळेत नाचतो. कलादालनात यातले जवळजवळ काहीच उरत नाही. पडदा नसतो, विंग नसते, घंटा नसते. प्रेक्षक उभा असतो, फिरत असतो, कंटाळा आला तर शेजारच्या दालनात निघून जातो, आणि मनात आले तर नर्तकाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळही येऊन उभा राहतो. मात्र केवळ जागा बदलल्याने नवा प्रकार तयार होत नाही. तालमीत आधीच बसवलेले नृत्य पांढऱ्या भिंतींच्या दालनात, चार शिल्पांच्या मधोमध जसेच्या तसे सादर केले, तर तो नाट्यगृहाबाहेर झालेला एक प्रयोग ठरतो. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला असे प्रयोग हल्ली बरेच होतात, आणि चहापानाआधीचा कार्यक्रम यापलीकडे त्यांना फारसा अर्थ नसतो.

या पानावर ज्या नृत्याचा विचार केला आहे, त्यात वस्तू, शिल्प किंवा खुद्द इमारतच नर्तकाला काम नेमून देते. हालचाल कोणती करायची, किती वेगाने करायची, कुठे विसावायचे, हे बऱ्याच अंशी त्या वस्तूचे वजन, तिचा उतार, उंची आणि पृष्ठभाग ठरवतात.

मग नेपथ्य आणि ही वस्तू यांतला फरक कसा ओळखावा?

ती वस्तू मनातल्या मनात बाजूला काढून पाहावी. तिच्याविनाही नृत्य तसेच्या तसे करता येत असेल, तर ते नेपथ्य. मग ते कितीही थोर शिल्पकाराने केलेले असो. वस्तू काढताच नर्तकांना करण्यासारखे काही उरतच नसेल, तर ती वस्तू नृत्यरचनेचा भाग आहे असे खुशाल समजावे.

ब्रिटिश नर्तक अक्रम खान यांच्या दोन नृत्यांवर ही कसोटी लावून पाहता येते. ‘काश’ (२००२) या नृत्यासाठी मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी रंगमंचाच्या पाठीमागे एक भलामोठा काळा आयत योजला. तो पाहताना खोल पोकळीत डोकावल्याचा भास होतो आणि नृत्याचा सगळा भाव त्याने गडद होतो, यात शंका नाही. पण नर्तकांच्या पावलांना त्याच्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही. याउलट ‘झीरो डिग्रीज’ (२००५) या नृत्यात खान आणि बेल्जियन नृत्यरचनाकार सिदी लार्बी शेरकाउई या दोघांसोबत रंगमंचावर दोन पुतळेही असतात. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी ते याच दोघांच्या शरीरांचे साचे घेऊन घडवले आहेत. हे पुतळे उचलले जातात, टेकवले जातात, मार खातात, आणि जिवंत शरीर व त्याची निर्जीव प्रत यांच्यातला व्यवहार हाच त्या नृत्याचा मजकूर होतो. गॉर्मली आणि शेरकाउई यांनी पुढे ‘सूत्र’ (२००८) या नृत्यात चीनमधल्या शाओलिन मठातील भिक्षूंसाठी माणूस आत मावेल अशी २१ लाकडी खोकी वापरली. खोके उभे केले की खांब होतो, आडवे केले की शवपेटी किंवा बिछाना होतो, ओळीने उभी केलेली खोकी धडाधड कोसळतात तेव्हा भिक्षूंना त्यांच्यासोबत पडावे लागते. खोकी काढून घेतल्यास त्या नृत्याचे फार थोडे शिल्लक राहील.

ही तिन्ही नृत्ये रंगमंचावरची आहेत, हेही लक्षात घ्यावे. वस्तू आणि शरीर यांचे हे नाते जुळायला कलादालनच लागते असे नाही.

याची सुरुवात कुठून झाली?

एकच आरंभबिंदू सांगता येत नाही. जर्मन कलावंत ऑस्कर श्लेमर यांचा ‘ट्रायडिक बॅले’ १९२२ मध्ये श्टुटगार्टमध्ये सादर झाला. त्यात तीन नर्तक आणि १८ पोशाख होते. हे पोशाख म्हणजे गोल, शंकू आणि चकत्या अंगावर चढवून केलेली शिल्पेच होती. त्यांत शिरल्यावर नर्तकाला हात हवा तसा उचलता येत नसे, कमरेत वाकता येत नसे, आणि ही अडचण श्लेमर यांनी मुद्दाम निर्माण केलेली होती. त्यांतले काही मूळ पोशाख आज श्टुटगार्टच्या कलासंग्रहालयात उभे आहेत आणि आत माणूस नसताना ते शिल्प म्हणूनच पाहिले जातात.

अमेरिकेत नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम आणि शिल्पकार इसामू नोगुची यांचे सहकार्य १९३५ मधल्या ‘फ्रंटियर’पासून सुरू झाले. कुंपणाचा एक तुकडा आणि त्याच्या मागून रंगमंचाच्या वरच्या दोन कोपऱ्यांकडे ताणत गेलेले दोन दोर, एवढ्यावर नोगुची यांनी अफाट माळरान उभे केले. ‘केव्ह ऑफ द हार्ट’ (१९४६) या नृत्यात त्यांनी ग्रीक पुराणकथेतल्या मीडिया (Medea) या स्त्रीपात्रासाठी पितळी तारांची एक रचना केली. आधी ती बाजूला उभे असलेले शिल्प असते. पुढे मीडिया तिच्यात शिरते आणि तारा तिच्या प्रत्येक हालचालीसरशी थरथरतात.

अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या ‘रेनफॉरेस्ट’ (१९६८) या नृत्यातला प्रकार आणखी निराळा आहे. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी चंदेरी प्लास्टिकच्या उशांमध्ये हेलियम भरून त्या १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत तरंगत सोडल्या होत्या. कनिंगहॅम यांनी त्याच उशा रंगमंचावर आणल्या. काही उशा हवेत राहतात, काही जमिनीवर लोळतात. नर्तक जवळून गेला की वाऱ्याने सरकतात, आणि कोणती उशी कोणत्या क्षणी वाटेत येईल हे कुणालाच सांगता येत नाही. नर्तकांच्या हालचाली मात्र अगदी नेमक्या बसवलेल्या आहेत. स्वतःच्या मर्जीने फिरणारे शिल्प आणि काटेकोर नृत्य यांची अशी गाठ घालण्याचे धाडस त्याआधी फार थोड्यांनी केले होते. याच कनिंगहॅम यांनी १९६४ मध्ये व्हिएन्नामधील एका संग्रहालयात रंगमंच नसल्यामुळे आपल्या निरनिराळ्या नृत्यांचे तुकडे जोडून सलग प्रयोग केला, आणि पुढे आयुष्यभर ते असे प्रयोग करत राहिले.

या विषयात सिमोन फोर्टी यांचे नाव इतके महत्त्वाचे का मानले जाते?

कारण वस्तूने काम नेमून द्यायचे, ही कल्पना त्यांनी सर्वांत निखळ स्वरूपात मांडली. १९३५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या फोर्टी सॅन फ्रान्सिस्कोजवळ नृत्यरचनाकार ॲना हाल्प्रिन यांच्याकडे शिकल्या आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कला आल्या. तिथल्या आधुनिक नृत्यातली घोटीव, घडवलेली हालचाल त्यांना मानवेना. १९६० च्या डिसेंबरमध्ये रूबेन गॅलरीत आणि १९६१ च्या मे महिन्यात कलावंत योको ओनो यांच्या चेंबर्स स्ट्रीटवरील माळ्यावर त्यांनी काही छोट्या रचना दाखवल्या. ‘डान्स कन्स्ट्रक्शन्स’ या नावाने त्या ओळखल्या जातात.

त्यातली ‘स्लँट बोर्ड’ ही रचना सविस्तर पाहण्यासारखी आहे. सुमारे आठ फूट लांब-रुंद प्लायवूडची फळी भिंतीला साधारण ४५ अंशांत टेकवलेली असते. तिच्या वरच्या कडेला भोके पाडून दोर बांधलेले असतात आणि प्रत्येक दोराला सुमारे फुटाफुटावर गाठी मारलेल्या असतात. तीन-चार जणांनी त्या फळीवर चढायचे, दोरांच्या आधाराने वर-खाली आणि या बाजूकडून त्या बाजूला जात राहायचे, आणि दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ हे चालू ठेवायचे. दमल्यास फळीवरच दोराला अंग गुंतवून विसावा घ्यायचा. खाली मात्र उतरायचे नाही. सूचना एवढीच. पायाचे बोट कसे ताणावे, हात कुठल्या कोनात असावा, चेहऱ्यावर भाव कोणता, यातले काहीही सांगितलेले नाही.

तरीही पाहणाऱ्याला जे दिसते ते विस्कळीत नसते. उतारावर कुणीही दिखाऊ हालचाल करू शकत नाही. शरीराचा सगळा हिशेब गाठ कुठे आहे, वजन कुठल्या पायावर आहे आणि शेजारचा माणूस कुठून येतो आहे यावर चालतो. एकाला पलीकडे जायचे असेल तर दुसऱ्याच्या दोराखालून वाकावे लागते किंवा त्याच्या पायांवरून ओलांडून जावे लागते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मनगटे थकतात आणि हालचालीचा वेग आपोआप उतरतो. तो उतरता वेग कोणी रचलेला नसूनही रचनेचाच भाग असतो. नृत्यरचना फळीच्या कोनात आणि दोराच्या गाठींत लिहून ठेवलेली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

‘हडल’ या दुसऱ्या रचनेत वस्तूही नाही. सहा-सात किंवा थोडे अधिक जण एकमेकांच्या खांद्यांना आणि कमरेला घट्ट धरून, गुडघे वाकवून, डोकी आत करून एक गठ्ठा होऊन उभे राहतात. त्यातला एक जण सुटून बाहेरच्या बाजूने वर चढतो, सगळ्यांच्या पाठींवरून सावकाश पलीकडे उतरतो आणि पुन्हा गठ्ठ्यात सामील होतो. लगेच दुसरा निघतो. पुढचा कोण, हे ठरलेले नसते, त्यामुळे कधी दोघे एकदमच निघतात आणि हशा पिकतो. इथे शिल्प माणसांचेच आहे आणि प्रेक्षक त्याच्याभोवती, शिल्पाभोवती फिरावे तसा, फिरून सर्व बाजूंनी ते पाहतो.

फोर्टी यांच्यानंतर हा धागा अनेकांनी उचलला. इव्हॉन रेनर यांनी १९६५ मध्ये दहा माणसे आणि बारा गाद्या घेऊन एक नृत्य केले. ट्रिशा ब्राउन यांनी ‘फ्लोअर ऑफ द फॉरेस्ट’ (१९७०) साठी एका चौकटीत दोरांची जाळी बांधली आणि तिच्यात जुने कपडे ओवले. नर्तकांनी त्या आडव्या जाळीवर लोंबकळत कपड्यांत शिरायचे आणि बाहेर पडायचे. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल शहराच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात ही रचना मांडली होती. नर्तक नसताना ती शिल्प म्हणून तिथेच राहात असे.

हे आपल्या मल्लखांबापेक्षा वेगळे कसे?

मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो गैरलागू नाही. मल्लखांब खाली जाड, वर निमुळता असतो, त्याला अंग, मान आणि बोंड असते, एरंडेल लावून तो गुळगुळीत ठेवलेला असतो. अढी कुठे घ्यायची आणि दसरंग कसा करायचा हे त्या लाकडाच्या घडणीतूनच आले आहे. या अर्थाने, वस्तूने शरीराला शिकवण्याचे इतके नेमके उदाहरण जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. वेगळेपण उद्दिष्टात आहे. मल्लखांबपटूने अवघड पकड सोपी वाटेल अशी करून दाखवायची असते, आणि त्याच्या सफाईला, समतोलाला, अवघडपणाला गुण मिळतात. फोर्टी यांच्या फळीवर सफाईला काडीचे मोल नाही. चढताना झालेली धडपड, थकवा, दोर सुटता सुटता धरणे, हेच तिथे पाहायचे असते. म्हणूनच कसलेला व्यायामपटू ‘स्लँट बोर्ड’वर गेला तर ती रचना बिघडण्याचा संभव अधिक.

वस्तूऐवजी इमारतच काम नेमून देते, याचे उदाहरण कोणते?

ट्रिशा ब्राउन यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या वूस्टर स्ट्रीटवरील एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून, कमरेला दोर बांधलेल्या माणसाला गच्चीपासून जमिनीपर्यंत सरळ चालत उतरवले. पुढच्याच वर्षी व्हिटनी संग्रहालयात नर्तक पट्ट्यांना लटकून दालनाच्या भिंतींवर आडवे चालले. खाली उभ्या असलेल्यांना काही क्षण आपण उंचावरून रस्त्याकडे पाहतो आहोत असे वाटत असे. साशा वाल्ट्झ यांनी १९९९ मध्ये बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाच्या इमारतीत, आत एकही वस्तू मांडलेली नसताना, तिच्या तिरप्या भिंती आणि रिकाम्या पोकळ्या वापरून नृत्य केले. २०१७ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, ॲन इम्होफ यांनी जर्मन दालनात मूळ जमिनीच्या वर काचेची दुसरी जमीन घातली. कलावंत त्या काचेखाली रांगत, पडून राहात, आणि प्रेक्षक त्यांच्या डोक्यावर उभे असत. त्या दालनाला सुवर्णसिंह हा बिएनालेचा पुरस्कार मिळाला. काचेची ती जमीन नसती, तर वरचे आणि खालचे हा भेदच उरला नसता.

नाचता न येणाऱ्या प्रेक्षकाने यात भाग घ्यायचा असतो का?

काही रचनांत घ्यायचा असतो, काहींत मुळीच नाही, आणि हे प्रवेशद्वारापाशी लिहिलेले असते. विल्यम फोर्साइथ हे बॅलेच्या परंपरेतून आलेले नृत्यरचनाकार या दिशेने सर्वांत पुढे गेले आहेत. १९९७ मध्ये लंडनच्या राउंडहाउस इमारतीत त्यांनी डेना कॅस्परसन आणि जोएल रायन यांच्यासोबत हवा भरलेला एक अवाढव्य पांढरा किल्ला उभारला. आत पाऊल टाकताच तोल जातो, आणि तोल गेल्यावर माणूस कितीही गंभीर असला तरी उड्या मारू लागतो. ‘द फॅक्ट ऑफ मॅटर’ (२००९) मध्ये छतापासून वेगवेगळ्या उंचीवर कसरतीच्या कड्या लोंबत असतात आणि जमिनीला पाय न लावता त्यांच्यावरून पलीकडे जायचे असते. त्यांच्या लंबकांच्या रचनेत शेकडो लंबक डुलत असतात. त्यांना स्पर्श न करता मधून जा, एवढीच सूचना. तो माणूस मग वळतो, थबकतो, खांदा चोरतो, अंग आकसतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो नाचतो आहे असेच दिसते. तिथे व्यावसायिक नर्तकाची गरज पडत नाही, ही गोष्ट काही नर्तकांना खटकते. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्रेक्षकच नाचू लागला की नर्तकाला बोलावण्याचे कारण संग्रहालयाला उरत नाही, आणि खर्चही वाचतो.

प्रेक्षकाला मोकळे सोडण्यात धोकाही असतो. १९७१ मध्ये अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांनी लंडनच्या टेट गॅलरीत उतरंडी, डोलत्या फळ्या, मोठे लाकडी गोल आणि दोर मांडले. लोकांनी त्यांच्यावर असा काही धुमाकूळ घातला की काहींना इजा झाली, वस्तू मोडल्या आणि काही दिवसांतच ते प्रदर्शन बंद करावे लागले. २००९ मध्ये टेट मॉडर्नने ते अधिक सुरक्षित साहित्य वापरून पुन्हा उभे केले.

प्रयोग किती वेळ चालतो? शेवटपर्यंत थांबले पाहिजे का?

दहा मिनिटांपासून नऊ आठवड्यांपर्यंत. बेल्जियमच्या ॲन तेरेसा द केअर्समाकर यांनी ‘व्होर्टेक्स टेम्पोरम’ (२०१३) हे सुमारे तासाभराचे नृत्य २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या विल्स या कलाकेंद्रासाठी उलगडून प्रदर्शनाच्या स्वरूपात आणले. केंद्र उघडे असेपर्यंत नर्तक आणि वादक दालनात असत, तासागणिक त्यांची जुळणी बदलत असे, आणि जमिनीवर खडूने आखलेली वर्तुळे दिवसभरात पावलांनी पुसट होत जात. अशा ठिकाणी सगळे पाहणे कुणालाच शक्य नसते, अपेक्षितही नसते. मात्र दोन मिनिटे डोकावून निघून गेल्यास हाती काहीच लागत नाही. निदान अर्धा तास एका जागी बसावे, मग जागा बदलावी.

संग्रहालय नृत्य विकत घेते, म्हणजे नेमके काय घेते?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१५ मध्ये फोर्टी यांच्या ‘डान्स कन्स्ट्रक्शन्स’ आपल्या संग्रहात घेतल्या. त्यात प्लायवूडच्या त्या फळीला मौल्यवान मूळ वस्तू म्हणून काही स्थान नाही. माप, कोन आणि दोरांची पद्धत ठाऊक असेल तर कोणताही सुतार ती नव्याने करून देऊ शकतो. संग्रहालयाने खरे तर एक जबाबदारी विकत घेतली : लेखी सूचना, रेखाटने आणि चित्रफिती जपायच्या, आणि ही कामे ज्यांनी प्रत्यक्ष शिकून केली आहेत अशा माणसांकडून ती पुढच्यांना शिकवली जातील हे पाहायचे. ‘हडल’मध्ये वजन कसे द्यावे आणि कसे घ्यावे, हे कागद वाचून कळत नाही, कुणीतरी पाठीवर चढून ते दाखवावे लागते. चित्रांची डागडुजी करणाऱ्या विभागाला हे काम नवे आहे, आणि गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या विद्येची सवय असलेल्या आपल्याकडच्या माणसाला त्याचे फारसे नवल वाटणार नाही.

टिनो सेहगल या कलावंताने ही गोष्ट टोकाला नेली. त्यांच्या कामात वस्तू नसते, सूचनांचा कागद नसतो, छायाचित्र काढायला परवानगी नसते. विक्रीसुद्धा नोटरीसमोर तोंडी होते. ‘किस’ या त्यांच्या कामात दोन नर्तक कलेतिहासातल्या गाजलेल्या चुंबनांच्या मुद्रा एकामागून एक संथपणे घेत जातात. शिल्पाचा सारा इतिहास तिथे आहे, शिल्प मात्र नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. कनिंगहॅम यांच्या इच्छेनुसार त्यांची नृत्यसंस्था २०११ च्या अखेरीस बंद झाली, आणि तिची नेपथ्ये व पोशाख त्याच वर्षी मिनिॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने घेतले. रॉबर्ट राउशेनबर्ग आणि जॅस्पर जॉन्स यांच्यासारख्या चित्रकारांनी केलेल्या या वस्तू नर्तकांनी वर्षानुवर्षे ओढल्या, ढकलल्या, घामाने भिजवल्या. संग्रहात दाखल झाल्यावर त्यांना हातमोजे घातल्याशिवाय स्पर्श करता येत नाही. जपणूक म्हणून हे योग्यच आहे, पण नृत्याच्या बाजूने पाहिले तर ती वस्तू तिथे बेकार झालेली असते. नृत्य पुन्हा करायचे तर दुसरी प्रत बनवावी लागते, आणि माझ्या मते ती प्रतच त्या कामाशी अधिक इमान राखते.

हे सगळे युरोप-अमेरिकेतलेच आहे का?

नाही. ब्राझीलचे एलिओ ओइतिसिका यांनी १९६० च्या दशकात रंगीत कापडाचे थर असलेले ‘परांगोले’ नावाचे अंगरखे केले. ते अंगावर घेऊन नाचल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. १९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात ते मांगेइरा वस्तीतल्या सांबा नर्तकांना घेऊन आले, तेव्हा त्या नर्तकांना आत घेतले गेले नाही आणि नाच संग्रहालयाबाहेर झाला. कलादालनात कुणाचे शरीर चालते आणि कुणाचे नाही, हा प्रश्न त्या दिवशी जितका उघडपणे समोर आला तितका क्वचितच येतो.

भारतात चेन्नईच्या पद्मिनी चेत्तूर यांचे काम या संदर्भात आवर्जून पाहावे. चंद्रलेखा यांच्या नृत्यसंस्थेत घडलेल्या चेत्तूर यांनी ‘वॉल डान्सिंग’ (२०१२) या तीन तासांच्या रचनेत शरीराचे भिंतीशी असलेले नाते अत्यंत संथ गतीने तपासले, आणि भरतनाट्यममधल्या वर्णम या रचनाप्रकारावर आधारलेली त्यांची रचना २०१६ च्या कोची-मुझिरिस बिएनालेत होती. दिल्लीच्या मनदीप रायखी यांच्या ‘क्वीन-साइझ’ (२०१६) मध्ये दोन पुरुष एका चारपाईवर असतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ तेव्हा लागू होते. प्रेक्षक चारपाईच्या अगदी जवळ बसतात, हवे तेव्हा येतात-जातात. विणलेल्या दोरीची करकर, लाकडी चौकटीची मर्यादा आणि दोन शरीरांचे वजन यांतूनच ते नृत्य उभे राहते. वर सांगितलेली कसोटी इथे लावून पाहावी. चारपाई काढली की काहीच उरत नाही.

मराठी आणि कोकणी मुलखात पणजीचा सेरेंडिपिटी कला महोत्सव २०१६ पासून डिसेंबरमध्ये भरतो आणि त्यात जुन्या गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) संकुलासारख्या वास्तूंमध्ये दृश्यकला व प्रयोगकला शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. गोव्यातच राहणारे निखिल चोप्रा दीर्घकाळ चालणारी सादरीकरणे करतात. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते सलग नऊ दिवस राहून चित्रे काढत, वेश बदलत, गात होते. त्याला नृत्य म्हणावे का, याबद्दल दुमत होऊ शकते. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत, म्हणजे पूर्वीचे सर कावसजी जहांगीर सभागृह, आपल्या अर्धवर्तुळाकार सज्जांमुळे अशा कामासाठी जणू बांधून ठेवलेली आहे. वरून, खालून आणि बाजूने एकाच वेळी पाहता येईल अशी दुसरी सार्वजनिक जागा शहरात शोधावीच लागेल.

नर्तकांना कलादालनात नाचणे कठीण का जाते?

मुख्य कारण जमीन. नृत्यासाठीच्या जमिनीखाली लाकडी पट्ट्यांचा लवचीक थर असतो आणि वर न घसरणारे विनाइल असते. उडी मारून उतरताना बसणारा धक्का तो थर शोषून घेतो. दालनात बहुधा काँक्रीट, संगमरवर किंवा फरशी असते, आणि तिच्यावर आठवडाभर दिवसाचे पाच-सहा तास काम केल्यावर गुडघे, नडगी आणि कंबर बोलू लागतात. तापमान चित्रांच्या सोयीने थंड ठेवलेले असते, त्यामुळे शरीर तापत नाही आणि स्नायू दुखावतात. पाण्याची बाटली दालनात नेता येत नाही. कपडे बदलायला खोली नसते. नृत्यरचनाकार मारिया हसाबी यांच्या ‘प्लास्टिक’ या कामात २०१६ मध्ये नर्तक म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या जिन्यांवरून अतिशय संथपणे खाली घरंगळत येत, आणि पर्यटक बाजूने चढ-उतार करत. असे काम दिसायला निवांत, करायला जीवघेणे असते. जिन्याच्या कडेवर शरीर मिनिटभर तोलून धरणे हे उडीपेक्षा अवघड आहे.

मानधनाचा प्रश्न याला जोडूनच येतो. नाट्यगृहात प्रयोगागणिक पैसे ठरतात. दालनात दिवसातून सहा तास काम करणाऱ्या नर्तकाला ‘एका कार्यक्रमाचे’ मानधन देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती दिसते. तासांवर हिशेब, दोन तुकड्यांत पाळ्या, आणि विश्रांतीची खोली, या तीन गोष्टी करारात लिहून घेतल्याशिवाय कोणत्याही नर्तकाने होकार देऊ नये.

छायाचित्रे काढावीत का?

फलक पाहावा. बंदी नसेल तरी फ्लॅश वापरू नये, आणि जमिनीवर असलेल्या नर्तकाच्या चेहऱ्यासमोर फोन धरू नये.

शिल्पकार आणि नृत्यरचनाकार यांना एकत्र काम करायचे असेल तर सुरुवात कशी करावी?

वस्तू आधी तयार करून मग तिच्याभोवती नाच बसवायचा, किंवा नाच तयार करून मग शिल्पकाराकडे वस्तू मागायची, हे दोन्ही मार्ग नेपथ्याकडे जातात. पुठ्ठा, बांबू, जुने प्लायवूड यांची कच्ची वस्तू करून तालमीच्या पहिल्या दिवसापासून तिच्यावर शरीरे चढू द्यावीत. कुठे बोट अडकते, कुठे कड टोचते, किती वजनाला फळी वाकते, हे त्यातूनच कळते, आणि हालचालही तिथेच सापडते. मग पक्की वस्तू घडवावी. पक्की करताना तिच्यावर एकाच वेळी किती जण चढणार याचा हिशेब धरून, त्याच्या कितीतरी पट भार पेलेल अशी ती करून घ्यावी. छताला काही टांगायचे असल्यास छत कसले आहे हे इमारतीच्या अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय टांगू नये. लाकडाच्या कडा गोल कराव्यात, खिळ्यांऐवजी नटबोल्ट वापरावेत आणि प्रत्येक प्रयोगाआधी ते आवळावेत. दोर सुती घेतल्यास हाताला पकड चांगली मिळते, पण घामाने आणि दमट हवेने तो ताणला जातो, म्हणून मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात त्याच्या गाठी रोज तपासाव्या लागतात.